सोडा मशीन घेण्याआधी सिलिंडर कोण भरून देणार ते विचारा

घरी सोडा मशीन घेतलं तर बाजारातल्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं का? आणि घ्यायचंच ठरवलं तर कुठलं घ्यावं? हे प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. भिवंडीसारख्या शहरात जेवणानंतर लिंबू-सोडा पिणारी, साखरेची दुखणी मागे लागल्यावर कोला सोडलेली आणि पाहुणे आले की सोड्याच्या बाटल्यांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानात पोराला पिटाळणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी भाचा किंवा जावई मोबाइलवर मशीन दाखवतो आणि चर्चा सुरू होते. चर्चा होते ती रंगाची, आकाराची, बटण हाताने दाबायचं की विजेवर चालणारं, याची. या गोष्टी शेवटी बघायच्या आहेत.

पाण्यात फसफस आणतो तो गॅस. मशीनचं काम तो गॅस सिलिंडरमधून बाटलीत सोडण्याचं, म्हणजे एक झडप आणि एक नळी सांभाळण्याचं. ते काम साधं मशीनही नीट करतं. संपलेला सिलिंडर भरून कोण देणार, कितीला देणार आणि त्यात कुठल्या प्रतीचा गॅस घालणार, हा खरा प्रश्न. तो सुटल्याशिवाय घेतलेली मशिनं दोन-तीन महिन्यांत माळ्यावर जातात.

भिवंडीत तर हे लक्षात ठेवायलाच हवं. माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळपासून पडघ्यापर्यंत पसरलेल्या गोदामांतून देशभर माल जातो. तुम्ही मागवलेलं मशीन कदाचित तुमच्या घरापासून सात-आठ किलोमीटरवरच्या गोदामात पडून असेल आणि दुसऱ्या दिवशी दारात येईल. पण रिकामा सिलिंडर तितक्या सहज भरून येत नाही. दाबाखालचा गॅस वाहतुकीत धोकादायक माल धरला जातो. त्यामुळे तो साध्या पार्सलासारखा हवा तसा पाठवता येत नाही. तो रस्त्यानेच, आणि असा माल घेणाऱ्या वाहतूकदाराकडूनच येतो.

१. फसफस म्हणजे नेमकं काय?

सोड्यातले बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच हा वायू. तो पाण्यात विरघळतो, पण किती विरघळेल हे दोन गोष्टींवर ठरतं. विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये यातली पहिली गोष्ट मांडली: पाण्यावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो जास्त विरघळतो. दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही साधारण दुप्पट. दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी जितकं गार, तितका वायू जास्त मुरतो.

मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी कुणी आत थांबत नाही. दार उघडं दिसलं की जो तो बाहेर ओट्यावर येऊन बसतो. कोमट पाण्यातल्या वायूचंही तसंच आहे. झाकण घट्ट असेपर्यंत तो नाइलाजाने आत राहतो, झाकण उघडलं की बाहेर धावतो. गार पाण्यात त्याला आत राहणं सोसतं.

आता आकडे बघू. नेहमीच्या हवेच्या दाबाइतका कार्बन डायऑक्साइडचा दाब असेल, तर शून्य अंशावर एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम वायू विरघळतो. फ्रीजमधल्या ५ अंशांच्या पाण्यात २.८ ग्रॅम, २० अंशांवर १.७ ग्रॅम आणि ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे नळाच्या पाण्यापेक्षा फ्रीजचं पाणी दुपटीहून जास्त वायू धरतं. बाजारातल्या कडक सोड्यात लिटरमागे साधारण ७ ते ८ ग्रॅम वायू असतो. तेवढा मुरवायचा तर पाणी गार हवं आणि दाबही हवाच. मशीन कितीही भारी असलं तरी नळाच्या कोमट पाण्याला कडक सोडा करू शकत नाही. ‘मशीन खराब निघालं’ अशी तक्रार ऐकली की मी आधी पाणी कुठलं वापरलं ते विचारतो.

२. गोटीच्या बाटलीपासून ओट्यावरच्या मशीनपर्यंत

फसफसणारं पाणी निसर्गात आधीपासून आहे. युरोपात काही झऱ्यांचं पाणी मुळातच बुडबुड्यांचं येतं आणि ते औषधी म्हणून लोक दूरदूरहून प्यायला जात. आपल्याकडे भिवंडी तालुक्यातच तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत; तिथे लोक अंघोळीला जातात, तीही आरोग्याच्याच श्रद्धेने. झऱ्याच्या पाण्यात गुण असतो, हा विश्वास दोन्हीकडे सारखाच. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना तसलं बुडबुड्यांचं पाणी घरी बनवायचं होतं.

ते पहिल्यांदा नीट साधलं जोसेफ प्रीस्टलीला. लीड्स गावात तो बिअरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळतो हे त्याने १७६७ च्या सुमारास पाहिलं आणि १७७२ मध्ये खडूवर आम्ल टाकून वायू काढायची व तो पाण्यात भरायची रीत छापून प्रसिद्ध केली. त्या रीतीचा धंदा केला तो याकोब श्वेप याने, १७८३ मध्ये जिनिव्हात. पुढे १८७० च्या दशकात हायरम कॉड या इंग्रज माणसाने गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाबच गोटीला वर रेटून रबराच्या कड्यावर बसवतो आणि बाटली बंद ठेवतो. वेगळं बूच लागत नाही. आपल्या गोटी सोड्याची बाटली ती हीच. इंग्लंडात ती कधीच मागे पडली, पण आपल्याकडे अजून भरली जाते.

महाराष्ट्रात हा धंदा मुख्यतः पारशी-इराणी घराण्यांनी उभा केला. पुण्यात अर्देशीरचा सोडा १८८४ पासून, मुंबईत ड्यूक्स १८८९ पासून. ड्यूक्स पुढे १९९४ मध्ये पेप्सीने घेतलं. घरातल्या मशीनची गोष्टही इतकीच जुनी आहे. लंडनच्या गिल्बी या मद्य बनवणाऱ्या कंपनीतल्या गाय गिल्बी यांनी १९०३ मध्ये घरी पाण्यात वायू भरायचं यंत्र तयार केलं. त्यातूनच सोडास्ट्रीम हे नाव पुढे आलं. सोडास्ट्रीम कंपनी घेण्यासाठी पेप्सिकोने २०१८ मध्ये ३.२ अब्ज डॉलरचा सौदा केला. मशीन विकून एकदा पैसे मिळतात, गॅस मात्र वर्षानुवर्षं विकता येतो. हे आपणही ध्यानात ठेवावं.

३. घरी सोडा करायचे मार्ग

पहिला मार्ग सायफनचा. धातूची जाड बाटली, तिच्या डोक्यावर चाप आणि बाजूला बोटाएवढी पोलादी कुपी पिळायची जागा. कुपीत ८ ग्रॅम वायू असतो आणि एका कुपीत एक लिटर सोडा होतो. कुपी एकदाच वापरायची, मग भंगारात. सायफनचा मोठा गुण असा की सोडा दाबाखालीच राहतो. चाप दाबून हवा तेवढा घ्या, उरलेला फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस तसाच कडक राहतो. ज्या घरात सोडा महिन्यातून दोन-चार वेळा लागतो, त्यांना सायफन बरा. भरायचा सिलिंडर नाही, त्यामुळे तो कुठून भरून आणायचा हा प्रश्न नाही.

दुसरा मार्ग ओट्यावरच्या मशीनचा. मागच्या बाजूला छोटा सिलिंडर, पुढे प्लॅस्टिकची किंवा काचेची बाटली. बाटली लावायची, बटण दाबायचं, आवाज आला की सोडायचं. याला वीज लागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे याच मशीनला विजेची झडप आणि कमी-मध्यम-कडक अशी तीन बटणं. आत वायू तोच, सिलिंडर तोच, सोय बोटाची. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांच्यासाठी विजेचं मशीन योग्य. बाकीच्यांनी ते जास्तीचे पैसे सिलिंडरवर घालावेत. एक जादा सिलिंडर घरात असणं तीन बटणांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

चौथा मार्ग पावडरचा. खायचा सोडा आणि लिंबूसत्व एकत्र आलं की वायू निघतो. काही यंत्रांत ही पावडर वेगळ्या खणात राहते आणि फक्त वायू पाण्यात जातो, ते ठीक. पण बरेच जण पाण्यातच दोन्ही पावडरी घालून सोडा करतात. त्याचा हिशोब बघा. लिटरला ७ ग्रॅम वायू हवा असेल तर साधारण १३ ग्रॅम खायचा सोडा आणि १० ग्रॅम लिंबूसत्व लागतं. त्या १३ ग्रॅममध्ये सोडियम असतं साडेतीन ग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. म्हणजे असा एक लिटर सोडा प्यायला तर जेवणातलं मीठ मोजायच्या आधीच मर्यादा ओलांडली. रक्तदाबाच्या माणसाला हे रोज देऊ नका. सिलिंडरच्या वायूने केलेल्या सोड्यात मात्र सोडियम येत नाही. पाण्यात होतं तेवढंच राहतं.

आणि कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बाटलीत टाकून झाकण लावायचा प्रयोग कुणी सुचवला तर तो मुळीच करू नका. बंद बाटलीत त्याचा वायू होतो, दाब वाढत जातो आणि बाटली फुटते.

४. सिलिंडर: सगळी मेख इथे आहे

घरगुती मशीनच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४२५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. तो आत वायू नसतो. दाबाने द्रव झालेला असतो. २० अंशांवर आतला दाब हवेच्या दाबाच्या ५७ पट असतो आणि ३० अंशांवर ७२ पट. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरपेक्षा हा दाब कितीतरी जास्त. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: हा वायू पेट घेत नाही. धोका जळण्याचा नाही, दाबाचा आहे.

३१ अंशांच्या वर तर कार्बन डायऑक्साइड द्रव म्हणून राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. भिवंडीचा पारा उन्हाळ्यात ४० च्या आसपास जातो, म्हणजे आपल्या घरातला सिलिंडर वर्षातले कितीतरी दिवस या रेषेपलीकडे असतो. तरी तो सुरक्षित राहतो, कारण भरताना तो काठोकाठ भरलेला नसतो. सिलिंडरमध्ये जितकं पाणी मावेल, त्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांशच कार्बन डायऑक्साइड भरायचा असतो. मोकळी जागा उष्णतेने फुगण्यासाठी सोडलेली असते. मोठ्या सिलिंडरमधून अंदाजाने भरून देणारा माणूस ती जागाही भरून टाकू शकतो. ‘थोडा जास्त भरून देतो’ असं कुणी म्हणालं तर ते नको म्हणा.

मग बरोबर भरला आहे हे कळावं कसं? घरच्या वजनकाट्याने. सिलिंडरच्या अंगावर त्याचं रिकामं वजन कोरलेलं किंवा छापलेलं असतं. भरून आल्यावर वजन करा. फरक ४२५ ग्रॅमच्या आसपास हवा. ३०० ग्रॅम निघाला तर तुम्ही पूर्ण पैसे देऊन पाऊण सिलिंडरही घेतलेला नाही. ५०० निघाला तर तो घरात ठेवू नका, परत करा.

दुसरी तपासणी गॅसच्या प्रतीची. कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगला लागतो आणि आग विझवायच्या नळकांड्यातही भरतात. ठाणे-भिवंडी-कल्याण पट्ट्यात कारखाने भरपूर, तेव्हा हा गॅस विकणारेही आहेत. पण वेल्डिंगचा गॅस पिण्याच्या पाण्यात घालायचा नसतो. त्यात तेलाचा अंश किंवा इतर वायूंची भेसळ असली तरी वेल्डिंगचं काम अडत नाही. आपलं पोट मात्र बिघडेल. खाद्यपेयांसाठीच्या कार्बन डायऑक्साइडला आयएनएस २९० हा क्रमांक आहे. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, बिलावर ‘खाद्य प्रतीचा’ असं लिहून मागा. उत्तर गोलमाल आलं तर दुसरा विक्रेता शोधा.

हा गॅस येतो कुठून, हे सांगायचा मोह आवरत नाही. सोड्यासाठी मुद्दाम कुणी कार्बन डायऑक्साइड फारसा बनवत नाही; दुसऱ्या कारखान्यांतून तो आपसूक निघतो आणि शुद्ध करून विकला जातो. खताच्या कारखान्यात अमोनिया करताना तो निघतो. उसाच्या मळीपासून अल्कोहोल करताना तर जितकं अल्कोहोल, वजनाने जवळजवळ तितकाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये खताचे कारखाने बंद पडले तेव्हा सोड्यापासून मांसाच्या डब्यांपर्यंत सगळ्यांना या वायूची चणचण भासली. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला या वायूचा तुटवडा पडायचं कारण नाही. अडचण आहे ती छोट्या घरगुती सिलिंडरमध्ये तो चोख भरून देणाऱ्या माणसांची.

तिसरी तपासणी आट्यांची. जुन्या पद्धतीचे सिलिंडर पिळून बसवायचे असतात. सोडास्ट्रीमच्या नव्या मशिनांत गुलाबी खुणेचा, नुसता खटक्याने बसणारा सिलिंडर लागतो. एकाचा दुसऱ्यात बसत नाही. काही स्वस्त मशिनांचे आटे त्यांच्याच कंपनीच्या सिलिंडरला जुळतात, दुसऱ्या कुठल्याही नाही. ती कंपनी उद्या बंद झाली तर मशीन भंगारात. माझं मत विचाराल तर पिळून बसवायच्या सर्वसाधारण आट्यांचं मशीन घ्या. दोन-तीन विक्रेत्यांचे सिलिंडर त्याला चालतात आणि तुम्ही एकाच कंपनीच्या हाती राहत नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते पाहणारी केंद्राची संस्था, पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, हिचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. अर्ध्या लिटरहून मोठ्या धातूच्या दाबपात्राला हे नियम लागतात. ४२५ ग्रॅमचं आपलं सिलिंडर पाण्याच्या मापाने अर्ध्या लिटरच्या थोडं वर जातं, म्हणजे ते नियमांत बसतं. म्हणून त्यावर क्रमांक आणि दाब-चाचणीची तारीख कोरलेली हवी. अंगावर काहीच खूण नसलेला, नुसता रंगवलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आता गळतीचा धोका मोजू. ४२५ ग्रॅम वायू बाहेर पडला तर त्याचा घरच्या तापमानात सुमारे २३५ लिटर वायू होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत हवा असते सुमारे २८,३०० लिटर. म्हणजे सगळा सिलिंडर गळला तरी हवेत त्याचं प्रमाण पाऊण टक्क्याच्या थोडं वर जाईल. डोकं जड वाटेल. खिडकी उघडायची, बाहेर यायचं, संपलं. आता कुणी सुचवतं तसा ५ किलोचा मोठा सिलिंडर नळी लावून स्वयंपाकघरात ठेवला, तर? गळती झाल्यास वायू जवळजवळ २,८०० लिटर, म्हणजे त्याच खोलीत १० टक्के. इतक्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि आपल्याकडे लहान मुलं नि म्हातारी माणसं जमिनीवर अंथरूण घालून झोपतात. मोठा सिलिंडर दुकानात, मोकळ्या हवेत शोभतो. घरात तो आणू नये, मग कितीही स्वस्त पडो.

छोटा सिलिंडरही शेगडीपासून लांब, उन्हाच्या खिडकीपासून लांब आणि बंद गाडीत न ठेवता सांभाळावा. वापरताना उभाच ठेवावा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि झडप गोठते.

५. खर्चाचा हिशोब

भाव गावोगाव आणि महिनोमहिने बदलतात, म्हणून खालचे आकडे नमुन्याचे समजा आणि तुमच्या दुकानातले भाव त्यांच्या जागी घाला.

समजा मशीन ६,००० रुपयांना मिळालं आणि ते पाच वर्षं चाललं. घरात वर्षाला २०० लिटर सोडा लागतो. मशीनचा बोजा लिटरला ६ रुपये. सिलिंडर भरायला समजा ९०० रुपये पडतात. डब्यावर ‘६० लिटर’ लिहिलेलं असतं. तसं झालं तर गॅस लिटरला १५ रुपये, एकूण २१. बाजारात ७५० मिलीची बाटली २० रुपयांना धरली तर लिटर पडतो सुमारे २७ रुपयांना. मशीन जिंकलं.

पण ६० लिटरचा दावा तपासा. ४२५ ग्रॅम भागिले ६०, म्हणजे लिटरला ७ ग्रॅम. एक ग्रॅमही वाया न घालवता! प्रत्यक्षात बाटली काढताना वरच्या मोकळ्या जागेतला वायू सुटून जातो, आणि कडक सोडा हवा म्हणून आपण एकदा जास्त दाबतो. कडक सोडा पिणाऱ्यांनी ४० लिटर धरावेत. मग गॅस साडेबावीस रुपये, एकूण साडेअठ्ठावीस. बाजाराची बाटली थोडी स्वस्त ठरली. कोमट पाण्यावर दाबत बसलात आणि २५ लिटरच निघाले, तर लिटर ४२ रुपयांना. एकच मशीन, एकच सिलिंडर. फरक फक्त पाणी गार होतं की नाही याचा. सिलिंडर कुरिअरने मागवायचा खर्च यात अजून धरलेला नाही.

वर्षाला ५० लिटरच लागत असेल, म्हणजे आठवड्याला एखादा लिटर, तर मशीनचा बोजाच लिटरला २४ रुपये होतो. अशा घराने मशीन घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. गल्लीतल्या सोडावाल्याची बाटली घ्यावी. गोटी सोड्याची काच परत भरली जाते, म्हणजे कचऱ्याच्या दृष्टीनेही ती प्लॅस्टिकच्या बाटलीपेक्षा बरी. मात्र मोठी बाटली फोडून अर्धी ओतून द्यायची सवय असेल, तर बाटलीचा खरा भाव दुप्पट धरा. मग सायफनही महाग वाटणार नाही.

६. पाणी कुठलं वापरायचं?

भिवंडी शहरात स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी येतं, मुंबई महापालिकेचं येतं, वऱ्हाळा तलावाचंही येतं. आसपासच्या गावांत आणि नव्या इमारतींत टँकर नि बोअरचा आधार. पाणी कुठलंही असो, सोडा केल्याने ते शुद्ध होत नाही. बुडबुड्यांनी जंतू मरतील यावर विसंबू नका. आधी पिण्यायोग्य करा, उकळा किंवा गाळणीच्या यंत्रातून काढा, मग गार करा, मग मशीनला लावा. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही.

बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीच्या तोंडाशी बसतो आणि चवही येते. उलट आरओच्या यंत्राने क्षार जवळजवळ सगळे काढले असतील तर सोडा जिभेला जास्त आंबट, टोचरा लागतो. आंबटपणा मोडणारे क्षारच त्यात उरलेले नसतात. आरओच्या यंत्रात क्षार राखायची चकती असेल तर ती थोडी वाढवून बघा.

मशीनमध्ये फक्त पाणी घालायचं, हा नियम पाळाच. सरबत, ताक, कोकम आत घातलं तर फेस उसळून नळीत शिरतो, तिथे चिकटतो आणि झडप बाद करतो. लिंबू, आवळा, अमृत कोकम, जिऱ्याचं पाणी हे सगळं नंतर, पेल्यात. मीठ सोड्यात वरून टाकलं की त्याच्या कणांभोवती वायू सुटतो आणि अर्धी फसफस फेसात जाते. म्हणून पेल्यात आधी लिंबाच्या रसात मीठ-साखर विरघळवा आणि सोडा शेवटी, पेला तिरका धरून ओता. गाडीवरचा जाणता लिंबू-सोडावाला हेच करतो.

७. तब्येतीला बरा की वाईट?

साधा सोडा किंचित आंबट असतो. दातांवर त्याचा परिणाम लिंबूपाणी किंवा कोलाच्या मानाने फार कमी. हाडं ठिसूळ होतात ही भीती घराघरांत आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाचे यावरचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली. इतर फसफसणाऱ्या पेयांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. ३०० मिली कोल्यात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, साध्या सोड्यात शून्य. कोला सोडण्यासाठी कुणी सोड्याकडे वळत असेल तर ते चांगलंच आहे. ज्यांना छातीत जळजळ किंवा आंबट ढेकरांचा त्रास आहे, त्यांचा त्रास मात्र वायूने वाढू शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

८. दुकानात गेल्यावर

बाटलीवर वापराची शेवटची तारीख छापलेली असते. बाटली प्लॅस्टिकची असेल तर ती तारीख उलटल्यावर वापरू नका, आणि गरम पाण्याने कधी धुऊ नका. प्लॅस्टिक मऊ पडून दाब सोसेनासं होतं. भांडी घासणारी मावशी उकळतं पाणी वापरत असेल तर तिला ही बाटली वेगळी दाखवून सांगा. नवी बाटली सुटी मिळते का, नळीच्या तोंडाचा वायसर मिळतो का, जास्तीचा दाब सोडणारी झडप आहे का, हे विचारा. काचेची बाटली चवीला चांगली. पण ती फक्त तिच्यासाठी बनवलेल्या, दार बंद होणाऱ्या मशीनमध्येच लावायची.

आता निवाडा. भिवंडीत राहत असाल तर आधी दोन फोन करा: एक मशीनच्या कंपनीला, आमच्या पिनकोडवर भरलेला सिलिंडर किती दिवसांत आणि कितीला पोचतो म्हणून, दुसरा ठाणे-कल्याणच्या गॅस विक्रेत्याला, खाद्य प्रतीचा कार्बन डायऑक्साइड या आट्यांच्या सिलिंडरमध्ये वजन करून भरून देता का म्हणून. दोघांपैकी एकाचं जरी सरळ उत्तर आलं आणि घरात आठवड्याला तीन-चार लिटर सोडा लागत असेल, तर हाताने चालणारं, पिळायच्या आट्यांचं साधं मशीन आणि दोन सिलिंडर घ्या. दोन्हीकडून टोलवाटोलवी झाली तर सायफन घ्या, किंवा गोटी सोडाच चालू ठेवा.